सोसायटीची बिलं स्क्रिप्टने मेल करताना अटॅचमेंट कुठे बिघडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रस्त्यावरची २१२ फ्लॅटची सोसायटी. मेंटेनन्सच्या बिलांच्या पीडीएफ दर महिन्याला ऑफिसमधल्या उबुंटू कॉम्प्युटरवर तयार होतात आणि शेल स्क्रिप्टने (एकामागून एक आज्ञा लिहिलेल्या फाइलने) ज्याचं बिल त्याला मेलने पाठवायची असतात. काही सभासदांना फाइलऐवजी मेलमध्येच अगम्य अक्षरांचा ढीग दिसतो. काहींना 'नोनेम' नावाची फाइल मिळते. देवनागरी नाव दिलेल्या फाइलींची नावं तुटतात. साठ-सत्तर मेल गेले की जीमेल लॉगिनच नाकारतं. आणि हीच स्क्रिप्ट खजिनदारांच्या लॅपटॉपवर मात्र ठीक चालते.

लॉगिनचा भाग वेगळा आहे, तो पुढे घेतो. बाकीच्या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच: मेलमध्ये अटॅचमेंट नावाची वेगळी वस्तू नसतेच. पत्राला टाचणीने कागद लावावा तसं काही तिथे होत नाही. मेल म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच लांबलचक मजकूर. फाइल अक्षरांमध्ये बदलून त्याच मजकुरात घातलेली असते आणि तिच्या डोक्यावर दोन-चार ओळींची ओळख लिहिलेली असते: ही पीडीएफ आहे, नाव अमुक, अशा पद्धतीने अक्षरांत बदलली आहे. समोरचा फोन किंवा जीमेल त्या ओळखीवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. म्हणून पीडीएफ उघडून 'फाइल तर चांगली आहे' असं कितीही वेळा तपासलं तरी हाती काही लागत नाही. तपासायची असते ती ओळख.

हे असं का, तर मेल पोचवणारा एसएमटीपी हा नियम १९८२ सालचा आहे आणि तो साध्या इंग्रजी मजकुरासाठी, सात बिटांच्या अक्षरांसाठी बनला होता. चित्र, पीडीएफ, देवनागरी हे त्याच्या हिशेबात नव्हतं. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम ही पद्धत मांडली. तिने जुन्या पोस्टाला हात न लावता पाकिटाच्या आत घड्या घालायची रीत ठरवून दिली. आपण आजही त्याच घड्या घालतो. जोडलेल्या एका बिलाची ओळख अशी दिसते (वाचायला सोयीचं म्हणून इथे देवनागरीत लिहिलं आहे, प्रत्यक्षात हे सगळं रोमन अक्षरांत असतं):

कंटेंट-टाइप: ॲप्लिकेशन/पीडीएफ
कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग: बेस६४
कंटेंट-डिस्पोझिशन: अटॅचमेंट; फाइलनेम="बी४०४-२०२५-०५.पीडीएफ"

मग एक कोरी ओळ, आणि तिच्याखाली बेस६४ पद्धतीने अक्षरांत बदलून ७६-७६ अक्षरांच्या ओळींत बसवलेली फाइल. ती कोरी ओळ फार महत्त्वाची. एको (मजकूर छापणारी शेलची आज्ञा) लावून हाताने माइम जुळवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हमखास तीच राहते, मग फाइलच्या पहिल्या ओळी हेडर, म्हणजे ओळखीच्या ओळी, म्हणून गिळल्या जातात आणि पीडीएफ 'खराब आहे' असा निरोप येतो. प्रत्येक भाग वेगळा करणारी सीमारेषेची ओळ दोन हायफनने सुरू व्हावी लागते आणि अगदी शेवटच्या सीमारेषेनंतर आणखी दोन हायफन लागतात. वरच्या मुख्य हेडरमध्ये 'माइम-व्हर्जन: १.०' ही ओळ लागते. हे सगळं हाताने करता येतं, पण करू नये. दर महिन्याला २१२ लोकांकडे जाणाऱ्या गोष्टीत तर नाहीच.

आता तक्रारी एकेक.

अक्षरांचा ढीग. ज्यांना ढीग दिसतो त्यांच्यापैकी कुणाला तरी त्या ढिगाची पहिली ओळ वाचायला सांगा. ती 'बिगिन ६४४' अशी असेल आणि पुढची जवळजवळ प्रत्येक ओळ इंग्रजी 'एम' या मोठ्या अक्षराने सुरू होत असेल, तर स्क्रिप्टमध्ये यूयूएन्कोड आहे. फाइल अक्षरांत बदलायची ही माइमच्याही आधीची युनिक्सवरची पद्धत. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर त्या ओळीत किती बाइट आहेत ते सांगतं. पूर्ण ओळ ४५ बाइटची असते आणि ४५ साठीचं अक्षर 'एम', म्हणून ती एमांची रांग. इथे अडचण अशी की मेलला यात कुठलीच ओळख जोडलेली नसते. काही जुने मेल-प्रोग्राम मजकूर हुंगून ओळखतात की आत फाइल आहे, फोनवरचे बरेच ॲप ओळखत नाहीत. म्हणून निम्म्यांना फाइल आणि निम्म्यांना ढीग. इंटरनेटवर 'एका ओळीत अटॅचमेंट पाठवा' म्हणून फिरणाऱ्या जुन्या युक्त्यांमध्ये ही पहिल्या नंबरची. ती ओळ काढून टाका, दुरुस्त करत बसू नका.

लॅपटॉपवर चालतं आणि ऑफिसात नाही. लिनक्सवर 'मेल' नावाची आज्ञा एकच दिसते, पण तिच्यामागे तीन वेगळे प्रोग्राम असू शकतात. एस-नेल किंवा जुना हेअरलूम मेलएक्स असेल तर हायफन आणि लहान 'ए' म्हणजे फाइल जोडा. बीएसडी मेलएक्स असेल तर त्याच हायफन-एचा अर्थ 'हे एक हेडर वाढवा' असा होतो. आणि ग्नू मेलयुटिल्समध्ये लहान 'ए' हेडरसाठी, मोठा 'ए' फाइलसाठी. तेव्हा लॅपटॉपवर जी ओळ बिल जोडते तीच ऑफिसच्या मशीनवर बिलाच्या फाइलीचं नाव हेडर म्हणून कोंबते आणि मेल बिलाविनाच निघून जातो, तोही चूक न दाखवता. कुठला प्रोग्राम आहे ते बघायला उबुंटूवर अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज या आज्ञेला 'मेलएक्स' या नावाची यादी मागा. मात्र माझं मत विचाराल तर स्क्रिप्टमध्ये 'मेल' ही आज्ञा फक्त साध्या मजकुरासाठी ठेवावी. जिचा अर्थ मशीनगणिक बदलतो तिच्यावर बिलं सोपवू नयेत.

शेलमध्येच राहायचं असेल तर मट हा मेल-प्रोग्राम वापरा. त्यात हायफन-ए सगळीकडे फाइलच जोडतो. फक्त फाइलींची नावं संपल्यावर दोन हायफन एकटे लिहायचे आणि मगच सभासदाचा पत्ता. ते दोन हायफन विसरले की मट पत्त्यालाच फाइल समजतो आणि 'अशी फाइल नाही' म्हणून थांबतो. मटची आणखी एक खोड: पाठवलेल्या प्रत्येक मेलची प्रत तो होम फोल्डरमध्ये 'सेंट' नावाच्या फाइलीत ठेवत जातो, अटॅचमेंटसकट. १८० केबीचं बिल अक्षरांत बदलल्यावर साधारण २४६ केबी होतं. २१२ बिलांचे महिन्याला सुमारे ५२ एमबी. वर्षाने कुणीतरी विचारतं की डिस्क का भरली. 'कॉपी' ही सेटिंग 'नो' करून टाका.

पण २१२ वेगवेगळी बिलं, वेगवेगळे पत्ते आणि काय गेलं काय नाही याची नोंद, एवढं सगळं शेलमध्ये करण्यापेक्षा पायथॉन सरळ पडतं. वेगळं काही बसवावं लागत नाही. स्टँडर्ड लायब्ररीतला ईमेलमेसेज हा क्लास (३.६ पासून तो पक्का झाला) आणि एसएमटीपीलिब एवढ्यावर काम होतं. नेटवरच्या बऱ्याच उदाहरणांत अजून माइममल्टिपार्ट आणि माइमबेस दिसतात. ते चालतात, पण ओळखीची प्रत्येक ओळ तुम्हाला हाताने लिहावी लागते आणि 'नोनेम'चा जन्म तिथेच होतो: कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये फाइलनेम लिहायचं राहिलं की जीमेलला नावच मिळत नाही, म्हणून तो 'नोनेम' असं दाखवतो.

ईमेलमेसेजचा क्रम असा. प्रत्येक बिलासाठी नवीन मेसेज तयार करा. विषय, प्रेषक, प्रति ही हेडरं भरा. सेट_कंटेंटने साधा मजकूर घाला. एचटीएमएल रूपही हवं असेल तर ते लगेच ॲड_ऑल्टरनेटिव्हने. सगळ्यात शेवटी ॲड_अटॅचमेंटला चार गोष्टी द्या: फाइलचे बाइट, मेनटाइप 'ॲप्लिकेशन', सबटाइप 'पीडीएफ' आणि फाइलनेम. क्रम उलटा केलात तर पायथॉन तिथेच अडून बसतो, आणि ते बरंच आहे. जुन्या क्लासांत तो अडत नाही. तिथे पीडीएफ चुकून 'ऑल्टरनेटिव्ह' या गठ्ठ्यात गेली तरी मेल निघतो. ऑल्टरनेटिव्हचा अर्थ 'यातलं एकच दाखव, जे शेवटी आहे ते शक्यतो', मिक्स्डचा अर्थ 'सगळं दाखव'. तेव्हा 'मला बिल दिसतं पण मजकूर दिसत नाही' किंवा 'मजकूर दिसतो पण बिल नाही' असं दोन सभासद एकाच मेलबद्दल म्हणत असतील, तर बाहेरचा गठ्ठा मिक्स्ड आहे का ते पाहा.

फाइल उघडताना ती बायनरी म्हणून उघडा, म्हणजे मोड 'आरबी'. मजकूर म्हणून उघडली तर पीडीएफ बहुधा वाचतानाच फुटते, आणि विंडोजवर नशिबाने वाचली गेली तर ओळींच्या शेवटचे बाइट बदलून बसतात. फाइलनेममध्ये पूर्ण पाथ देऊ नका, फक्त शेवटचं नाव द्या. सभासदाला ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरांची रचना कळायचं काही कारण नाही.

आता सगळ्यात धोक्याची जागा. ती चुकली तर तांत्रिक घोटाळा होत नाही, सोसायटीत भांडण होतं. मेसेज लूपच्या (प्रत्येक फ्लॅटसाठी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) बाहेर एकदाच तयार करून आत नुसता पत्ता आणि फाइल बदलायचा मोह होतो. पण अटॅचमेंट बदलत नाही, वाढत जाते. ए-१०१ ला एक बिल जातं, ए-१०२ ला दोन, ए-१०३ ला तीन. शेवटच्या फ्लॅटला सगळ्या सोसायटीची थकबाकी घरबसल्या कळते. जुन्या क्लासात तर 'प्रति' ही ओळसुद्धा दुसऱ्यांदा लिहिली की बदलत नाही, खाली आणखी एक जोडली जाते, म्हणजे आधीच्यांचे पत्तेही सोबत. ईमेलमेसेज निदान दुसरी 'प्रति' स्वीकारत नाही आणि व्हॅल्यूएररने थांबतो. तेव्हा मेसेज लूपच्या आत तयार करा, आणि पाठवायच्या आधी तपासून घ्या: इटर_अटॅचमेंट्सने मोजल्यावर संख्या बरोबर १ आहे का, फाइलच्या नावातला फ्लॅट नंबर आणि रजिस्टरमधला फ्लॅट नंबर एकच आहे का. जुळलं नाही तर तो फ्लॅट सोडून देऊ नका, अख्खी स्क्रिप्ट थांबवा. एका ठिकाणी गाडी एक घर पुढे सरकली असेल तर पुढच्या सगळ्यांचं चुकलेलंच असतं.

फाइलचीही थोडी झडती घ्या. पीडीएफचे पहिले पाच बाइट टक्क्याचं चिन्ह, पीडीएफ ही तीन अक्षरं आणि हायफन असे असतात. शेवटाकडे दोन टक्के चिन्हं आणि 'ईओएफ' असतं. सुरुवात आहे पण शेवट नाही, याचा अर्थ बिल बनवणारा प्रोग्राम अजून लिहितोच आहे आणि तुम्ही अर्धी फाइल उचलली. त्यावर उपाय तपासणीत नाही, बनवण्यात आहे: बिल आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं आणि पूर्ण झाल्यावर त्याच फोल्डरमध्ये नाव बदलायचं. एकाच फाइलसिस्टिमवर नावबदल एका झटक्यात होतो, त्यामुळे खऱ्या नावाने कधी अर्धी फाइल दिसतच नाही.

देवनागरी नावांचं काय? मेलच्या हेडरमध्ये मुळात फक्त रोमन अक्षरं चालतात. विषयाच्या ओळीसाठी १९९२ मध्ये एक युक्ती ठरली आणि फाइलच्या नावासाठी १९९७ मध्ये दुसरी. या दोन वेगळ्या आहेत हाच घोळ आहे. बऱ्याच स्क्रिप्टमध्ये विषयाची युक्ती फाइलनेमला लावलेली असते. काही ॲप समजून घेतात, काही प्रश्नचिन्हं आणि बरोबरची चिन्हं जशीच्या तशी दाखवतात. फाइलनेमच्या युक्तीत प्रत्येक देवनागरी वर्ण यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मध्ये तीन बाइटचा होतो आणि प्रत्येक बाइट टक्के चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. 'देयक' या शब्दात द, मात्रा, य, क असे चार तुकडे, म्हणजे ३६ अक्षरं. लांब नाव असेल तर त्याच्या अनेक ओळी होतात आणि एखादा जुना प्रोग्राम त्यातली पहिलीच वाचतो, म्हणून नाव मध्येच तुटतं. ईमेलमेसेज हे सगळं नियमाप्रमाणे करतो. तरी वाचणाऱ्याच्या फोनवर आपला ताबा नसतो, म्हणून फाइलचं नाव रोमनमध्ये ठेवा, विंग-फ्लॅट-वर्ष-महिना असं. सभासदाच्या डाउनलोड फोल्डरमध्येही ती आपोआप क्रमाने लागतात. विषय आणि मजकूर मात्र बिनधास्त मराठीत लिहा, तिथे आता कुणाला अडत नाही.

मराठीचाच एक शेजारचा प्रश्न. थकबाकीची यादी सीएसव्ही करून कमिटीला जोडली की एक्सेलमध्ये नावांच्या जागी विचित्र चिन्हं उमटतात. मेलचा यात दोष नाही. सीएसव्ही दोनदा टिचकी मारून उघडल्यावर विंडोजवरचा एक्सेल ती यूटीएफ-८ आहे असं गृहीत धरत नाही. फाइल लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-एसआयजी' द्या. त्याने सुरुवातीला तीन बाइटची खूण पडते आणि एक्सेल ताळ्यावर येतो.

आकाराबद्दल. तीन बाइटांची चार अक्षरं होतात, शिवाय प्रत्येक ७६ अक्षरांमागे ओळ संपवणारे दोन बाइट, म्हणून फाइल जवळपास ३७ टक्के फुगते. मर्यादा फुगलेल्या मेलला लागते, मूळ फाइलला नाही. पोस्टफिक्स हा सर्व्हर मूळ सेटिंगवर १,०२,४०,००० बाइटपर्यंतच मेल घेतो, म्हणजे मूळ फाइल फार तर साडेसात एमबीच्या आत. जीमेलची पाठवायची मर्यादा २५ एमबी म्हणून सांगितली जाते. सर्व्हरला ईएचएलओ (जोडणी झाल्यावरचा पहिला नमस्कार) म्हटल्यावर तो स्वतःच 'साइझ' या शब्दापुढे आकडा सांगतो. स्क्रिप्टने तो वाचून आधीच थांबावं, कारण एरवी ५५२ क्रमांकाचा नकार हातात पडतो. बिलांना ही अडचण येणार नाही. येते ती वार्षिक सभेच्या वेळी, ऑडिट रिपोर्ट ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून सगळ्यांना पाठवायचा ठरतो तेव्हा. तो करड्या रंगात आणि १५० डीपीआयवर स्कॅन करा, किंवा ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवा. झिप करून फारसा फायदा नाही, स्कॅन केलेली पानं आधीच दाबलेली असतात.

झिपवरून: आतमध्ये ईएक्सई, जेएस, बीएटी असल्या फाइली असतील तर जीमेल मेल परत लावतं. पासवर्ड घातलेल्या साध्या झिपमध्येसुद्धा आतल्या फाइलींची नावं उघडीच असतात, त्यामुळे पासवर्डने ती लपत नाहीत.

आता लॉगिन. ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून स्वतःचा मेल सर्व्हर चालवायच्या फंदात पडू नका. पोर्ट २५ बहुतेक ठिकाणी बंद असतो, आयपी पत्ता बदलता असतो, त्याला उलटं नाव नसतं (पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सापडत नाही) आणि मोठे सर्व्हर अशा पत्त्यावरून आलेलं काही घेत नाहीत. सोसायटीच्या जीमेल खात्यातूनच पाठवा. पोर्ट ४६५ असेल तर जोडणी पहिल्या क्षणापासून कुलूपबंद असते, म्हणून एसएमटीपी_एसएसएल वापरा. पोर्ट ५८७ असेल तर साध्या एसएमटीपीने जोडून मग स्टार्टटीएलएसने कुलूप लावा. अदलाबदल झाली की ५८७ वर 'राँग व्हर्जन नंबर' अशी चूक येते, आणि ४६५ वर काहीच येत नाही, स्क्रिप्ट नुसती बसून राहते. बसून राहण्याची मुभाच ठेवू नका, टाइमआउट ६० सेकंद द्या. एसएमटीपीलिब आपणहून कुठलाही टाइमआउट लावत नाही.

खात्याचा नेहमीचा पासवर्ड २०२२ च्या मे अखेरीपासून चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. इथे एक सोसायटीछाप गंमत आहे: खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. निवडणूक होते, नवीन कमिटी येते, नवीन सेक्रेटरी शहाणपणाने पहिल्या दिवशी पासवर्ड बदलतात आणि एक तारखेला स्क्रिप्ट ५३५ (लॉगिन नाकारलं) म्हणून मान टाकते. कार्यभार सोपवायच्या कागदात ही ओळ लिहून ठेवा. ॲप पासवर्ड स्क्रिप्टच्या आत लिहू नका आणि आज्ञेच्या ओळीवरही देऊ नका, मशीनवर 'पीएस' (चालू कामांची यादी दाखवणारी आज्ञा) मारणाऱ्या कुणालाही तो दिसतो. वेगळ्या फाइलीत ठेवा, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी.

साठ-सत्तर मेलनंतर नकार मिळतो तो बहुधा ४५४ क्रमांकाचा असेल, 'लॉगिनचे प्रयत्न फार झाले' अशा अर्थाचा. लक्षात घ्या, मेल फार झाले असं तो म्हणत नाही. शेल स्क्रिप्ट प्रत्येक बिलासाठी नव्याने जोडते आणि नव्याने लॉगिन करते. एकदा लॉगिन करून त्याच जोडणीवर चाळीस-पन्नास बिलं पाठवा, मग जोडणी नीट बंद करून पुन्हा उघडा. दोन बिलांमध्ये चार सेकंद थांबा. २१२ बिलांना पंधरा मिनिटं लागतील, लागू देत. साध्या जीमेल खात्याला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, त्यात हे बसतं, पण चाचण्या आणि फेरपाठवणी त्याच खात्यातून त्याच दिवशी करत राहिलात तर संपते. गुगल ॲप्स स्क्रिप्टने करू असं कुणी सुचवेल: तिथे साध्या खात्याला दिवसाला १०० पत्ते एवढीच मुभा आहे, म्हणजे बी विंग उद्यावर.

सगळ्यांना एकच मेल, सगळे पत्ते बीसीसीत, हा मार्ग सभेच्या नोटिशीला ठीक. बिलाला नाही.

पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे. सेंड_मेसेज चूक न दाखवता परत आलं याचा अर्थ एवढाच की जीमेलने पाकीट घेतलं. पत्ता चुकीचा असेल तर नकार काही मिनिटांनी वेगळा मेल म्हणून सोसायटीच्याच इनबॉक्समध्ये येतो, 'मेल डिलिव्हरी सबसिस्टिम'कडून. तो आतून वाचा: ५५० आणि ५.१.१ म्हणजे असा पत्ता नाही, रजिस्टर दुरुस्त करा. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे तूर्त नाही, सर्व्हर स्वतः पुन्हा प्रयत्न करत राहतो, तुम्ही काही करू नका.

दुहेरी बिलं कशी जातात तेही सांगतो. फाइल पूर्ण चढते, सर्व्हर 'घेतलं' म्हणतो आणि नेमकं ते उत्तर यायच्या आत नेट जातं. स्क्रिप्टला वाटतं गेलं नाही, ती पुन्हा पाठवते. यावर शंभर टक्के इलाज नाही, पण वही ठेवली तर नुकसान एका बिलापुरतं राहतं. पाठवायच्या आधी मेसेज-आयडी (त्या मेलची एकमेव खूण) स्वतः तयार करून सीएसव्हीत 'पाठवतोय' अशी ओळ लिहा, उत्तर आल्यावर 'गेलं' अशी दुसरी. स्क्रिप्ट पुन्हा चालवली की 'गेलं' वाले फ्लॅट सोडायचे, आणि नुसतंच 'पाठवतोय' असलेला जो एखादा फ्लॅट उरेल त्याचा मेसेज-आयडी जीमेलच्या सेंटमध्ये शोधून हाताने ठरवायचं.

नवीन स्क्रिप्ट थेट सभासदांवर सोडू नका. आधी स्वतःच्या मशीनवर खोटा सर्व्हर उघडा: एआयओएसएमटीपीडी बसवून तो पोर्ट १०२५ वर चालवला की आलेला प्रत्येक मेल पडद्यावर छापतो, बाहेर काही जात नाही. पायथॉनसोबत पूर्वी येणारा एसएमटीपीडी ३.१२ पासून काढून टाकला आहे, जुन्या लेखांतली ती आज्ञा आता चालणार नाही. त्यानंतर तीन खऱ्या पत्त्यांवर पाठवा, एक जीमेल, एक आउटलुक, एक फोनवरून बघणारा. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' उघडलं की वर लिहिलेल्या ओळखीच्या तीन ओळी डोळ्यांनी दिसतात.

राहिलं वेळापत्रक. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाकल्यावर जे बंद पडतं ते बहुतेक पाथमुळे. क्रॉन होम फोल्डरमधून चालतो, बिलांच्या फोल्डरमधून नाही, म्हणून सगळे पाथ मुळापासून लिहा. क्रॉनच्या ओळीत तारखेसाठी टक्के चिन्ह वापरलंत तर त्याच्यापुढचा सगळा भाग तो आज्ञेला दिलेला मजकूर समजतो. चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ हवी. मशीन यूटीसीवर (जागतिक वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर सकाळी नऊची वेळ ३:३० म्हणून लिहावी लागते. आणि कॉम्प्युटर त्या वेळी बंद असेल तर क्रॉन ते काम नंतर करत नाही. एक तारीख गुरुवारी आली आणि महावितरणची दुरुस्ती निघाली की त्या महिन्याची बिलं जातच नाहीत आणि कुणाला कळतही नाही. त्याऐवजी लिनक्समधल्या सिस्टिमडीचा टायमर लावा, त्यात 'पर्सिस्टंट' हे 'ट्रू' करा, म्हणजे वीज आल्यावर मशीन चालू होताच चुकलेली फेरी तो स्वतः पूर्ण करतो. आणि शेवटच्या बिलानंतर खजिनदारांना 'किती गेली, किती राहिली' एवढा दोन आकड्यांचा मेल जाऊ द्या. तो मेल एक तारखेच्या संध्याकाळपर्यंत आला नाही तर त्यांनी ऑफिसला फोन करायचा.